त्याला मान काढता येत नव्हती का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. सुट्टीत तुम्ही घरच्यांसोबत फ्लॉरेन्सला गेलात. उफिझी संग्रहालयात राफाएलची, मुलांच्या हाती गोल्डफिंच पक्षी असलेली मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, सगळ्यांना आवडली. मग पार्मिजानिनोची ‘लांब मानेची मॅडोना’ समोर आली आणि तुमच्या बारा वर्षांच्या मुलीने विचारलं, “बाबा, याला मान काढता येत नव्हती का?” तुम्हाला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर एका पुस्तकात ‘मॅनरिझम म्हणजे रेनेसान्सचा ऱ्हास’ असं वाचलंत, दुसऱ्यात ‘मॅनरिझम म्हणजे रेनेसान्सविरुद्धचं बंड’. (रेनेसान्स म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातला इटालियन कलेच्या पुनरुज्जीवनाचा काळ, आणि मॅनरिझम ही त्याच्या पाठोपाठ सोळाव्या शतकात आलेली शैली.) तुम्ही विचारताय, यातलं खरं काय, आणि चित्रासमोर उभं राहिल्यावर ते ओळखायचं कसं?

मला विचाराल तर मुलीचा प्रश्न दोन्ही पुस्तकांपेक्षा नेमका आहे. ऱ्हास की बंड हा वाद नंतरच्या लोकांनी लावलेल्या लेबलांचा आहे. चित्रासमोर उभं राहिल्यावर खरी अडचण वेगळीच असते: समोरची चूक ही न जमल्यामुळे झालेली चूक आहे, की सगळं येत असताना घेतलेला निर्णय आहे? मी बावीस वर्षं लाइफ ड्रॉइंग, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलवरून रेखाटन, शिकवते आहे. माझं निम्मं काम हा फरक ओळखण्याचंच असतं. मुलं मान लांब काढतात, पाय हवेत ठेवतात, आणि मी विचारलं की म्हणतात, “मॅडम, ती स्टाइल आहे.” कधी ती खरंच असते, बहुतेक वेळा नसते. म्हणून मी जे सांगणार आहे ते माझ्या वर्गात कागदावर आणि माणसांवर करून पाहिलेलं आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करते. ‘मॅनरिझम असा असतो’ असं एका वाक्यात सांगता येत नाही. कुठलं शहर, कुठलं दशक, कोणता चित्रकार यावर उत्तर बदलतं. पोन्तोर्मो, रोस्सो, पार्मिजानिनो, ब्रोंझिनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांपैकी कुणीही स्वतःला मॅनरिस्ट म्हणवून घेतलं नाही. त्यांच्या काळात शब्द होता ‘मानिएरा’, म्हणजे हाताची धाटणी, रीत. वासारी या त्याच काळातल्या चित्रकार-लेखकाने 1550 मध्ये चित्रकारांची चरित्रं छापली, त्यात हा शब्द बहुतेक वेळा कौतुकाने येतो. पुढे सतराव्या शतकातल्या टीकाकारांनी तोच शब्द उलटा फिरवला: हे लोक निसर्ग सोडून नुसत्या रीतीने रंगवतात, असा आरोप केला. ‘ऱ्हास’वालं तुमचं पुस्तक त्या आरोपाचा वारस आहे. ‘बंड’वालं पुस्तक विसाव्या शतकाचं अपत्य आहे, कारण पहिल्या महायुद्धाच्या आसपास युरोपातल्या अभ्यासकांना या ताणलेल्या आकृत्यांत स्वतःचीच अस्वस्थता दिसू लागली. मराठीत याला ‘रीतिलाघववाद’ असा शब्द आहे. जड वाटतो, फारसा रुळलाही नाही, पण मला तो आवडतो. त्यातलं ‘लाघव’ फार बरोबर आहे. या चित्रकारांना काय हवं होतं ते त्यात पकडलंय: अवघड गोष्ट सहज केल्यासारखी दिसणं.

आता ओळखायचं कसं. वर्गात पहिल्या महिन्यात मी एकच गोष्ट शिकवते: भार. मॉडेल एका पायावर रेलून उभं असलं की गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडायचा. मी दोऱ्याला किल्ली बांधून हात लांब करून धरते. दोरा ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्यापाशी उतरला पाहिजे. कागदावर तो घोट्याच्या बाहेर पडला तर आकृती कलंडते, कितीही छान शेडिंग करा. पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांनी जी अनेक कोडी सोडवली त्यातलं हे एक मोठं कोडं. पर्स्पेक्टिव्ह (सपाट चित्रात अंतर दाखवण्याची रीत), शरीरशास्त्र, उजेड-सावली ही सगळी साधनं शेवटी एका गोष्टीसाठी होती: चित्रातल्या माणसाला आपल्यासारखं वजन आहे आणि तो आपल्यासारख्याच जमिनीवर उभा आहे, हे पटवण्यासाठी.

म्हणून मी दोन चित्रं शेजारी ठेवते. दोन्हींत क्रुसावरून काढलेलं ख्रिस्ताचं शरीर वाहून नेलं जातंय. पहिलं राफाएलचं, 1507 सालचं, आता रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. पेरुजा शहरातल्या अतालांता बाग्लियोनी या बाईने ते करून घेतलं. तिचा मुलगा ग्रिफोनेत्तो घराण्यातल्या खुनाखुनीत मारला गेला होता. चित्रात दोन माणसं चादरीला धरून शरीर उचलतायत. डावीकडचा पाठमोरा सरकत पायरी चढतोय. दुसरा तरुण दोन्ही हात ताणून मागे झुकलाय, अगदी आपण गच्चीवर पाण्याचं पिंप सरकवताना झुकतो तसा. चादर ताठ झालीय. मागे टेकडीवर रिकामे क्रूस दिसतात, म्हणजे कुठून आले आणि कुठे चाललेत तेही कळतं.

दुसरं पोन्तोर्मोचं, 1525 ते 1528 मध्ये केलेलं, फ्लॉरेन्सच्या सांता फेलिचिता चर्चमधल्या काप्पोनी चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनादालनात. लाकडावर तैलरंग, तीन मीटरहून उंच. विषय तोच. पण क्रूस नाही, शिडी नाही, टेकडी नाही, थडगंही नाही. वर एक छोटा ढग तरंगतोय आणि खाली जमिनीचा तुकडा, त्यावर चुरगळलेलं कापड. बाकी सगळी माणसं एकमेकांत गुंफून वरपर्यंत चढत गेलीत. सगळ्यात पुढे एक तरुण उकिडवा बसलाय, तोही चवड्यांवर, आणि ख्रिस्ताच्या पायांचा भार त्याच्या खांद्यावर आहे. त्याचा चेहरा आपल्याकडे वळलाय.

तीन वर्षांपूर्वी वर्गात आम्ही या दोन्ही पोझ करून पाहिल्या. पंचवीस किलोच्या तांदळाचं पोतं आणलं. राफाएलची पोझ दोन मुलांनी पहिल्याच झटक्यात घेतली. चादरीची टोकं धरली, मागे झुकली, पोतं उचललं गेलं, आणि झुकण्याचा कोन आपोआप चित्रासारखाच आला. वजनानेच तो आणला. मग पोन्तोर्मो. वर्गातला सगळ्यात काटक मुलगा, रोज कबड्डी खेळणारा, चवड्यांवर बसला. पोतं खांद्यावर ठेवण्याआधीच त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. रिकाम्या खांद्याने तो जेमतेम अर्धा मिनिट टिकला. पोतं टेकवताच मागे बसला. त्यातून चित्रातल्यासारखी मान वळवून प्रेक्षकाकडे बघायचं तर सोडूनच द्या.

मग प्रश्न येतो: पोन्तोर्मोला हे माहीत नव्हतं? तो आंद्रेआ देल सार्तो या चित्रकाराच्या कार्यशाळेत शिकलेला होता, आणि सार्तोच्या रेखाटनात दोष काढणं त्या काळातही अवघड होतं. पोन्तोर्मोची स्वतःची लाल खडूतली अभ्यासचित्रं पाहा. पाठीचा एकेक स्नायू जागच्या जागी आहे. भार कसा द्यायचा हे त्याला पुरेपूर माहीत होतं आणि त्याने तो काढून घेतला. म्हणून त्या चित्रात शरीर उचलल्यासारखं वाटतच नाही, ते तरंगत खाली येतं. तो चॅपेलमधला वेदीवरचा फलक आहे. त्याच्यासमोर वेदीवर प्रार्थनाविधी चालायचा, पाव उचलून ‘हे माझं शरीर’ म्हटलं जायचं. ते शरीर चित्रातून खाली, वेदीकडे उतरवलं जातंय असं बघितलं की थडगं का नाही याचं कारण सापडतं. हे वाचन सगळ्यांना मान्य नाही. कुणी त्याला क्रूसावरून उतरवणं म्हणतात, कुणी विलाप, कुणी दफन. पण इतकी नावं पडावी लागली हेच मला महत्त्वाचं वाटतं. राफाएलच्या चित्रात कुठला क्षण आहे यावर कुणी इतकं भांडत नाही.

आता रंगाकडे या, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी उफिझीत तो तुम्हाला जाणवलाच असणार. लिओनार्दोची सावली तपकिरी धुरासारखी असते, रंग तिच्यात विरघळतो. पोन्तोर्मोकडे सावलीला काळोख जवळजवळ नाहीच. गुलाबी, फिका निळा, हिरवट, नारिंगी. उजेडात एक रंग आणि सावलीत दुसराच. याला इटालियनमध्ये ‘कांजान्ते’ म्हणतात, म्हणजे बदलता. आपल्याकडे याला तयार शब्द आहे: धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असलेलं रेशमी लुगडं हलवलं की घडीत दुसरा रंग चमकतो, अगदी तेच. ही युक्ती जुनीच होती. मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर, 1508 ते 1512 दरम्यान, ती भरपूर वापरली. 1980 च्या दशकात छताची काजळी साफ झाली तेव्हा ते भडक रंग बघून लोक दचकले होते. पोन्तोर्मोने ती युक्ती छतावरून खाली आणली आणि अख्ख्या चित्राचा उजेडच तिच्यावर सोपवला. वासारीला हे फारसं रुचलं नव्हतं. छाया इतकी पुसट आहे की उजळ भाग आणि मधली छटा ओळखू येत नाही, अशी त्याची तक्रार होती. निरीक्षण बरोबर आहे, फक्त मी तो दोष मानत नाही. चॅपेल अंधारं आहे. त्या कोपऱ्यात तपकिरी सावलीचं चित्र दिसलंच नसतं.

इथे थोडं थांबून एक गैरसमज दूर करते. रेनेसान्स एका दिवशी संपला आणि दुसऱ्या दिवशी मॅनरिझम सुरू झाला असं काही नाही. राफाएलच्या त्याच 1507 च्या चित्रात उजवीकडे मेरी बेशुद्ध पडतेय आणि गुडघ्यावर बसलेली एक बाई अंग पूर्ण पिळून मागे हात करून तिला सावरतेय. ती बाई राफाएलने मायकेलअँजेलोच्या दोनी तोंदोवरून उचलली. तोच, उफिझीत तुम्ही पाहिला असाल, गोल चित्र, ज्यात मेरी खांद्यावरून मागे वळून बाळ घेतेय. आता विचार करा. पडणाऱ्या माणसाला सावरायला कोण असं पाठमोरं बसून, वळून, हात वर करेल? कामासाठी ही पोझ गैरसोयीची आहे. ती तिथे आहे कारण ती सुंदर आहे आणि कारण ती मायकेलअँजेलोची आहे. म्हणजे ज्याला आपण नंतर मॅनरिझम म्हणतो त्याचं बी राफाएलच्याच वाफ्यात पडलेलं होतं. तिथे ती बाई कोपऱ्यात आहे. वीस वर्षांनी ती मध्यभागी आली, आणि तिच्यासोबत सगळेच वळायला लागले.

आणि आता तुमच्या मुलीची मान.

हे तुम्ही घरी करू शकता. त्या चित्राची चांगली मोठी प्रिंट घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मॅडोना गिरवा. फक्त मान नेहमीच्या मापाची करा. आम्ही लाइफ क्लासमध्ये उंची डोक्याच्या मापाने मोजतो, साडेसात हेडचा माणूस. त्या हिशेबात मान जितकी यायला हवी तितकीच ठेवा, बाकी काही बदलू नका. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हे करतं आणि दरवर्षी एकच गोष्ट घडते. डोकं खाली येतं आणि दोन खांद्यांमध्ये रुतून बसतं. इतकं लहान डोकं, इतक्या रुंद मांड्या, मध्ये उतारच नाही. मग मुलं खांदे अरुंद करतात. मग बाळ मांडीवर मावत नाही, कारण ते बाळही भलतंच लांब आहे. मग छातीवर ठेवलेली लांब बोटं विचित्र दिसतात, ती आखूड करावी लागतात. मग डावीकडच्या देवदूताचा उघडा लांब पाय बाहेर येतो, आणि त्याच्या हातातला उंच घडा. अर्ध्या तासात अख्खं चित्र पाडून नवं बांधावं लागतं.

चुकलेल्या चित्रात असं होत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावरची चुकून लांब झालेली मान मी खोडून आखूड केली की बाकीचं चित्र सुटकेचा श्वास टाकतं, कारण बाकी सगळं दुसऱ्या मापाचं होतं. पार्मिजानिनोची मान आखूड केली की बाकीचं चित्र तक्रार करतं. ती मान, तो घडा, तो पाय, ती बोटं आणि मागचा उंच खांब सगळे एकाच सुरात आहेत. हीच माझी कसोटी: एक ‘चूक’ दुरुस्त करा आणि बघा, चित्र सुधारतं की कोसळतं.

त्या खांबाबद्दल एक सांगायलाच हवं. बायबलमधल्या गीतरत्नात प्रेयसीच्या मानेला हस्तिदंती मनोऱ्याची उपमा आहे, आणि ख्रिस्ती स्तोत्रांत मेरीला ‘हस्तिदंती मनोरा’ म्हणून हाक मारली जाते. 1534 मध्ये पार्मातल्या एलेना बायार्दी या बाईने हे चित्र तिथल्या सेर्वी चर्चमधल्या चॅपेलसाठी सांगितलं, तेव्हा ते बघणाऱ्यांच्या कानात ही स्तोत्रं रोजची होती. मान आणि खांब शेजारी ठेवणं त्यांना कोड्यात टाकणारं नव्हतं.

चित्र मात्र पुरं झालं नाही. खांब वर एकच आहे आणि खाली पायथ्याशी अख्खी रांग. उजव्या कोपऱ्यात गुंडाळी उलगडणारा संत जेरोम इतका छोटा की मॅडोनाच्या गुडघ्याएवढाही नाही, आणि त्याच्या शेजारी रंगवायचा राहिलेल्या दुसऱ्या संताचं नुसतं पाऊल. 1540 मध्ये, 37 व्या वर्षी, पार्मिजानिनो गेला. नंतर कुणीतरी पायरीवर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं की दैव आड आल्यामुळे त्याला हे पूर्ण करता आलं नाही. म्हणून उजव्या बाजूच्या विचित्रपणातला किती हेतूचा आणि किती अपुरेपणाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मानेबद्दल सांगते, कारण मान पूर्ण झालेली आहे.

मग हे असं करावंसं का वाटलं? नेहमीचं उत्तर असं मिळतं: 1517 पासून पोपच्या चर्चविरुद्ध ल्युथरचं वादळ, 1527 च्या मे महिन्यात सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं, जगाचा तोल गेला म्हणून चित्रांचाही गेला. हे ऐकायला पटतं आणि त्यात तथ्य आहेच. पार्मिजानिनो स्वतः त्या वेळी रोममध्ये होता, सैनिक त्याच्या कार्यशाळेत घुसले होते असं वासारी सांगतो, आणि त्यानंतर त्याने रोम सोडलं. पण तारखा नीट लावून बघा. रोस्सोने व्होल्तेरा गावासाठी केलेलं क्रूसावरून उतरवण्याचं चित्र, ज्यात शिड्यांवर माणसं वाऱ्यात सापडल्यासारखी वाकलीत आणि कपड्यांच्या घड्या कागदासारख्या कडक आहेत, ते 1521 चं आहे. रोमच्या लुटीआधी सहा वर्षं. पोन्तोर्मोचं काम 1525 ला सुरू झालं. लुटीने ही चित्रं जन्माला घातली असं म्हणता येत नाही.

मला कारण शिकण्याच्या पद्धतीत दिसतं, आणि हे माझं शिक्षिकेचं मत आहे असं समजा. रोस्सो आणि पोन्तोर्मो दोघांचा जन्म 1494 च्या सुमाराचा. लिओनार्दोच्या पिढीने वजन, अंतर, उजेड हे निसर्गाकडून, मोडत-तोडत, प्रेतं फाडून शिकून घेतलं होतं. या मुलांना ते आयतं मिळालं. त्यांच्या लहानपणी मायकेलअँजेलोच्या ‘काशिनाची लढाई’चं मोठं कच्चं चित्र फ्लॉरेन्समध्ये होतं. नदीत आंघोळ करणारे सैनिक धोक्याची हाक ऐकून बाहेर पडतायत, प्रत्येक शरीर वेगळ्या कोनात पिळलेलं. शहरातले तरुण चित्रकार रांगा लावून त्याची नक्कल करत. शेवटी ते इतक्या हातांतून गेलं की फाटून तुकडे झाले. 1506 मध्ये रोममध्ये जमिनीतून लाओकोऊनचं शिल्प निघालं, सापांच्या विळख्यात पिळलेला बाप आणि दोन मुलं. त्याचीही तीच पूजा झाली. म्हणजे या पिढीने माणूस बघण्याआधी माणसाचं चित्र बघितलं. प्लेगच्या दिवसांत 1523 ला पोन्तोर्मो शहराबाहेरच्या मठात गेला, तिथे त्याने जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापील चित्रांवरून भित्तिचित्रं केली. वासारी त्याबद्दल चिडून लिहितो. पण पोन्तोर्मोच्या दृष्टीने ड्यूररचा छाप हाही डोंगर किंवा झाडाइतकाच अभ्यासाचा विषय होता. माझ्या मते रेनेसान्सपासून खरी फारकत इथे आहे. नियम त्यांनी मोडले नाहीत, पण चित्राने कुणाला जबाबदार असायचं ते बदललं. आधी चित्र निसर्गाला उत्तर देत होतं, आता ते चित्रांना उत्तर देऊ लागलं.

याला तसा बघणाराही लागतो. गाण्यात तिरोभाव करतात ना, गायक थोडा वेळ दुसऱ्याच रागाची सावली आणतो आणि मूळ राग झाकतो. ज्याला मूळ राग माहीत आहे त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं गवयी भरकटला. मॅनरिस्ट चित्रकाराला असे श्रोते मिळाले. पोपच्या, राजांच्या, ड्यूकच्या दरबारात लोक राफाएल, मायकेलअँजेलो कोळून प्यालेले होते. वासारीनेच लिहून ठेवलंय की आपल्या काळाचं मोठेपण म्हणजे नियमाच्या आत राहून घेतलेली मोकळीक. तुमची मुलगी बारा वर्षांची आहे, तिने राफाएल पाहिला आणि लगेच मान खटकली. तिचा कान तयार होतोय, एवढंच मी म्हणेन.

दरबाराचा परिणाम बघायचा तर ब्रोंझिनो. हा पोन्तोर्मोचा शिष्य, फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिचीचा दरबारी चित्रकार. कोसिमोची बायको एलेओनोरा दी तोलेदो आणि तिच्या मुलाचं 1545 च्या सुमाराचं चित्र उफिझीतच आहे. पांढऱ्या साटिनवर काळी-सोनेरी डाळिंबांची नक्षी, एकेक धागा मोजून घ्यावा इतकी. आणि चेहरा? संगमरवरी. लिओनार्दोची बाई आपल्याशी बोलायच्या बेतात असते, एलेओनोरा बोलणार नाही. वर्गात मुलं म्हणतात, हिला भावना नाहीत. मी म्हणते, हिच्या भावना बघायची तुम्हाला परवानगी नाही. 1530 ला फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक पडलं होतं, त्या जागी सत्ताधीश घराणं आलं होतं. राणीसारखं वागणाऱ्या बाईचा चेहरा असाच रंगवायचा होता. इथे लांब मान नाही, तरंगणारं शरीर नाही, तरी हेही मॅनरिझमच. म्हणून सुरुवातीला म्हटलं की एका वाक्यात बसत नाही.

आणि ‘ऱ्हास’वाल्या पुस्तकाला अगदीच खोटं ठरवणार नाही. वासारी स्वतः अभिमानाने सांगतो की जुने उस्ताद सहा वर्षांत एक चित्र करायचे, आम्ही एका वर्षात सहा करतो. त्याने 1546 मध्ये रोमच्या एका राजवाड्यातलं अख्खं दालन शंभर दिवसांत रंगवून घेतलं. त्या भिंतींवर पिळलेली शरीरं खच्चून भरलीत, पण एकाच्याही पिळण्याला कारण नाही. मान आखूड करा, लांब करा, काही बिघडत नाही. माझ्या कसोटीत ती चित्रं नापास होतात. शतकाच्या अखेरीला बोलोन्या शहरात काराच्ची घराण्यातल्या चित्रकार भावांनी पुन्हा मॉडेल समोर बसवून रेखाटायला सुरुवात केली, ती याच कंटाळ्यातून. तेव्हा पोन्तोर्मो आणि शंभर दिवसांची भिंत यांना एकाच शब्दात बांधलं की दोघांवरही अन्याय होतो.

आता तुम्ही पुन्हा अशा चित्रासमोर उभे राहाल तेव्हा मी करते तो क्रम सांगते. आधी पाय बघते: भार कुठे उतरतो, की उतरतच नाही. मग जागा: ही माणसं कुठे उभी आहेत, मागे किती अंतर आहे. मग सावलीतला रंग. आणि शेवटी मनातल्या मनात एक ‘चूक’ दुरुस्त करून बघते. टोलेदोचा एल ग्रेको, व्हेनिसचा तिन्तोरेत्तो यांना पुस्तकं कधी या खणात टाकतात, कधी काढतात. मी त्यांच्यासमोरही हाच क्रम लावते आणि खणाची काळजी करत नाही. व्हेनिसचाच चित्रकार तिशियन त्याच काळात, त्याच इटलीत काम करत होता, पण त्याची माणसं आपल्या वजनासकट बसतात.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी पुन्हा जायचा बेत आहे. उफिझीतून बाहेर पडून पोन्ते व्हेक्किओ पूल ओलांडला की दोन मिनिटांवर सांता फेलिचिता आहे. आत शिरताच उजवीकडचं पहिलं चॅपेल. मुलीला कठड्यापाशी उभं करा आणि काही सांगू नका. खिडकी उजव्या हाताला आहे, आणि चित्रातला उजेडही तिकडूनच येतोय हे तिला कळायला थोडा वेळ लागेल. मग तिला त्या पुढच्या तरुणाच्या पायांकडे बघायला सांगा. हॉटेलवर परत आल्यावर तिला हवं तर चवड्यांवर बसून बघू दे, पाठीवर दप्तर घेऊन. ती काय म्हणते ते मला जरूर लिहा. माझ्या वर्गातल्या मुलांना वाचून दाखवीन.